अस्सल बरहुकूम नक्कल

सरकारी दप्तराशी ज्यांचा कधी ना कधी संबंध आला आहे, त्यांना ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हे शब्द परिचित असतात. मूळ कागद दप्तरात राहतो. मागणाऱ्याच्या हाती पडते ती त्याची नक्कल. ती मुळाशी ताडून पाहिलेली आहे, तिच्यात एक अक्षर अधिक नाही की उणे नाही, अशी ग्वाही तो शिक्का देत असतो. एक कारकून मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा नकलेवरून बोट फिरवितो, आणि चूक नसल्याची खात्री पटली म्हणजे सही होते. हे काम कंटाळवाणे खरे, पण अवघड नव्हे. कारण अक्षरे मोजकी असतात. ‘क’ हा काळ्या शाईने लिहिला काय किंवा निळ्या शाईने लिहिला काय, तो ‘क’च राहतो. परंतु ज्या वस्तूत शाईचा रंग कोणता, तिचा थर किती जाड, तिला तडा कोठे गेला, हेच सर्वस्व असते, तिची अस्सल बरहुकूम नक्कल कशी करावयाची? चित्राच्या बाबतीत हा प्रश्न शतकानुशतके सुटलेला नव्हता.

‘कॅमेऱ्याने’ असे उत्तर आज कोणीही शाळकरी मुलगा देईल, आणि ते चूक नाही. मात्र कॅमेरा म्हटला की लगेच मेगापिक्सेलची भाषा सुरू होते. इतके मेगापिक्सेल, तितके मेगापिक्सेल. जाहिरातीत आकडा जितका मोठा, तितका कॅमेरा थोर. हा आकडा कशाचा असतो, तो केव्हा खरा ठरतो आणि केव्हा पोकळ, याचा उलगडा कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा एका जुन्या चित्राच्या हकिगतीवरून अधिक चांगला होतो.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये रेम्ब्रांटचे एक प्रचंड चित्र आहे. ते १६४२ साली पूर्ण झाले. नगररक्षकांची एक तुकडी आपल्या कप्तानाच्या इशाऱ्यासरशी बाहेर पडत आहे, असा त्याचा विषय. जग त्याला ‘नाइट वॉच’, म्हणजे रात्रीचा पहारा, या नावाने ओळखते; पण हे नाव रेम्ब्रांटने दिलेले नव्हे. पुढे वॉर्निशचे थर काळवंडत गेले, चित्रावर जणू रात्र पडली, आणि लोकांनी नाव ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते साफ करण्यात आले तेव्हा प्रसंग दिवसाचाच आहे हे पुन्हा स्पष्ट झाले. नाव मात्र राहिले ते राहिलेच.

या चित्राच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी आपत्ती काळाने आणली नाही, कारभाराने आणली. १७१५ साली ते नगरभवनात हलविण्याचे ठरले. दोन दारांमधल्या ठरलेल्या जागेत ते मावेना, तेव्हा चित्रच चारी बाजूंनी कापण्यात आले. डावीकडून सुमारे ६० सेंटिमीटरांचा पट्टा गेला आणि त्याबरोबर तीन व्यक्तीही गेल्या. कापलेले तुकडे पुढे कधीच सापडले नाहीत. जागा चित्राप्रमाणे बदलण्याऐवजी चित्र जागेप्रमाणे बदलावे, हा विचार ज्या कोणाच्या डोक्यातून निघाला त्याचे नाव इतिहासाने झाकून ठेवले, हे त्याचे नशीबच म्हणावयाचे.

तरीही त्या पट्ट्यांवर काय होते हे आज सांगता येते. कारण गेरिट लुंडेन्स या चित्रकाराने कापाकापी होण्यापूर्वीच त्या चित्राची एक छोटी नक्कल करून ठेवली होती. ती उंचीला जेमतेम ६७ सेंटिमीटर आणि रुंदीला ८५. मूळ चित्र आज, कापल्यानंतरही, सुमारे ३ मीटर ८० सेंटिमीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. म्हणजे लुंडेन्सने साऱ्या प्रसंगाला जणू घरातल्या खिडकीच्या तावदानाएवढे करून टाकले. कोण कोठे उभा होता हे त्या नकलेवरून कळते. रेम्ब्रांटने रंग कसा लावला होता, कोठे दाट ठेवला, कोठे पुसट केला, हे कळत नाही. ती नक्कल मजकुराची आहे, हस्ताक्षराची नव्हे.

हाताने केलेल्या नकलेची ही मर्यादा आपल्याकडेही पुरेशी अनुभवास आलेली आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्यासाठी मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची १८४४ साली नेमणूक झाली. वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात बसून त्याने केलेल्या प्रतिकृती लंडनला गेल्या, आणि त्यांपैकी बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात ते काम पुन्हा केले. त्यातल्याही अनेक प्रतिकृती १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधील आगीत नष्ट झाल्या. दोन पिढ्यांच्या श्रमांवर एकाच शहरात दोनदा आग पडावी, हा योग विलक्षण. परंतु त्याहून अधिक वाईट गोष्ट लेण्यांतच घडली होती. नक्कल करणाऱ्याला पुसट रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फिरविले गेले. ते पुढे पिवळे पडले, चित्रे त्याखाली कोंदली, आणि निजामाच्या राजवटीत १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणून ते उतरविण्याचा खटाटोप करावा लागला. नक्कल मिळविण्यासाठी अस्सलालाच धक्का लागला.

हे सारे डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे राइक्सम्यूझियमने हाती घेतलेल्या उद्योगाचे मोल कळते. २०१९ सालच्या जुलै महिन्यात तेथे ‘ऑपरेशन नाइट वॉच’ या नावाने त्या चित्राची संपूर्ण तपासणी सुरू झाली. चित्राभोवती काचेची खोली उभारण्यात आली आणि तज्ज्ञांचे काम पाहण्याची प्रेक्षकांना मुभा ठेवण्यात आली. चित्रातील उजव्या बाजूच्या कुत्र्याचा रंग पांढुरका पडत चालला होता. तो का पडतो, आणि त्याला उपाय काय, हे ठरवावयाचे होते. उपाय करण्यापूर्वी आजची स्थिती नोंदविली पाहिजे, हे ओघानेच आले. म्हणजे नक्कल हवी. आणि तीही दप्तरी अर्थाने अस्सल बरहुकूम.

या कामासाठी निवडलेला कॅमेरा हॅसेलब्लाड या स्वीडिश कंपनीचा, एच-६-डी जातीचा होता. हॅसेलब्लाडचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. स्वीडनच्या हवाई दलासाठी १९४१ साली व्हिक्टर हॅसेलब्लाड यांनी विमानातून वापरावयाचा कॅमेरा बनविला, तेथून या घराण्याचा प्रारंभ. १९६९ साली चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्यांच्या छातीशी याच घराण्याचा कॅमेरा होता. परंतु कुळाची थोरवी येथे फारशी उपयोगी नाही. कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे.

जुन्या कॅमेऱ्यात ज्या जागी फिल्म असे, त्या जागी आता सिलिकॉनची एक चकचकीत पट्टिका असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर प्रकाश टिपणाऱ्या अतिसूक्ष्म घरांच्या ओळी असतात. पावसाळ्यात अंगणभर ओळीने वाट्या मांडून ठेवाव्यात आणि सर थांबल्यावर प्रत्येक वाटीत किती पाणी साचले ते मोजावे, तसा हा प्रकार आहे. पाऊस म्हणजे प्रकाश, वाटी म्हणजे पिक्सेल, आणि मोजलेले आकडे म्हणजेच चित्र. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने असा पहिला हातात धरता येणारा कॅमेरा जुळविला, तेव्हा त्यात वाट्या होत्या अवघ्या १०,०००. एक चित्र ध्वनिफितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. ॲम्स्टरडॅमच्या कॅमेऱ्यात वाट्यांची संख्या १० कोटींच्या घरात आहे: आडव्या ११,६०० आणि उभ्या ८,७००. मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष; म्हणून या कॅमेऱ्याला १०० मेगापिक्सेलचा म्हणावयाचे.

येथे एखादा श्रोता म्हणेल, आमच्या भ्रमणध्वनीत तर २०० मेगापिक्सेल आहेत! आणि तेही खोटे नाही. असे यंत्र २०२२ पासून बाजारात मिळू लागले. पण वाटी किती मोठी, हा प्रश्न जाहिरातदार कधीच निघू देत नाही. भ्रमणध्वनीतल्या त्या पिक्सेलची रुंदी सुमारे ०.६ मायक्रोमीटर असते. म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, आणि तांबड्या प्रकाशाच्या एका लहरीच्या लांबीएवढीच. हॅसेलब्लाडच्या पिक्सेलची रुंदी ४.६ मायक्रोमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ साठपट. साऱ्या सेन्सरचे माप सुमारे ५३ मिलिमीटर बाय ४० मिलिमीटर. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या अडीचपट. मोठ्या वाटीत पाणी अधिक साचते, आणि ते मोजताना होणारी अटळ चूक त्या मानाने क्षुल्लक ठरते. अंगुस्तानात पाऊस मोजणाराला वारा, शिंतोडे आणि स्वतःच्या हाताची थरथर यांचाच हिशेब द्यावा लागतो. कॅमेऱ्याच्या भाषेत या गोंधळाला नॉइज म्हणतात, आणि अंधाऱ्या भागात तो रवाळ ठिपक्यांच्या रूपाने दिसतो.

रंगाची गोष्ट याहून मजेची आहे. सेन्सरच्या घराला रंग कळत नाही. त्याला कळतो केवळ प्रकाशाचा कमीअधिकपणा. म्हणून प्रत्येक घरावर एक रंगीत गाळणी बसविलेली असते: कोणावर तांबडी, कोणावर हिरवी, कोणावर निळी. चार घरांच्या चौकोनात दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी, ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे. मनुष्याच्या डोळ्याला बारकावा हिरव्याच्या आसपास अधिक उमगतो, म्हणून हिरव्या दोन. याचा अर्थ असा की प्रत्येक पिक्सेल स्वतः एकच रंग पाहतो, उरलेले दोन रंग शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून लिहून घेतले जातात. न्यायालयात याला ऐकीव पुरावा म्हणतील. लग्नसमारंभाच्या किंवा सहलीच्या चित्राला ऐकीव पुरावा पुष्कळ झाला. शेजारी सहसा खोटे सांगत नाहीत. पण जेथे रंगाचा एकेक कण पाहावयाचा आहे, तेथे शेजारच्या कणाची साक्ष कशी चालावी?

या जातीच्या कॅमेऱ्यात त्यावर काढलेली तोड साधी आणि म्हणूनच सुंदर आहे. एकच चित्र चार वेळा टिपावयाचे, आणि दर वेळी सेन्सर बरोबर एका पिक्सेलइतका सरकवायचा. विजेचा दाब बदलला की किंचित आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या पदार्थाच्या साहाय्याने ही हालचाल घडविली जाते. चार वेळा सरकून झाले की चित्रातील प्रत्येक बिंदूवरून तांबडी, निळी आणि दोन्ही हिरव्या गाळण्या फिरून गेलेल्या असतात; प्रत्येक रंगाची प्रत्यक्ष साक्ष नोंदली जाते. आणखी दोन वेळा अर्ध्या पिक्सेलइतके सरकवून टिपले, तर १० कोटींच्या जागी ४० कोटी बिंदूंचे चित्र हाती येते. कॅमेऱ्याच्या नावातील ४०० हा आकडा तेथून आला. मात्र या सोयीची अट कडक आहे. चार किंवा सहा टिपण्यांच्या अवधीत कॅमेरा, चित्र आणि प्रकाश यांतले काहीही तसूभर हलता कामा नये. पळणारे मूल, उडणारा पक्षी, वाऱ्यावर डोलणारे पान यांच्यासाठी हा मार्ग बंद. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा लागतो आणि तारेने संगणकाला जोडावा लागतो. धावपळीच्या वार्ताहराने असले यंत्र विकत घेणे म्हणजे दारोदार टपाल वाटण्यासाठी आगगाडीचे इंजिन घेण्यासारखे आहे.

सेन्सरचे एवढे कौतुक झाल्यावर भिंगाकडे वळले पाहिजे. कारण सेन्सर टिपतो ते भिंगाने पाठविलेलेच. आणि येथे निसर्गानेच एक आडकाठी घालून ठेवलेली आहे. बंदराच्या अरुंद तोंडातून आत शिरलेली लाट पंख्यासारखी फाकते, तद्वत प्रकाशही लहान छिद्रातून जाताना फाकतो. भिंग कितीही निर्दोष असले तरी एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता चिमुकली चकती होते, आणि छिद्र जितके लहान करावे तितकी ती चकती मोठी. छिद्राचा आकडा ११ असला तर चकती सुमारे १५ मायक्रोमीटरची होते, म्हणजे हॅसेलब्लाडच्या तीन पिक्सेलांवर पसरते. मग छिद्र मोठे ठेवावे, असे कोणी म्हणेल. ठेवावे, परंतु मोठ्या छिद्राने स्पष्टतेची खोली घटते. अगदी जवळून टिपताना ही खोली मिलिमीटरच्या एखाद्या लहान अंशाइतकीच उरते, आणि त्याच्या पुढचे-मागचे सारे पुसट होते. रेम्ब्रांटचा रंग तर सपाट नाही. तो कोठे कोठे लेपासारखा थापलेला आहे, आणि एवढे मोठे कापड शतकांच्या ताणाने जागोजाग लहरत गेलेले. छिद्र लहान करावे तर बारकावा जातो, मोठे करावे तर उंचसखल भाग निसटतो. छायाचित्रकाराचे खरे कौशल्य या दोहोंमधला मार्ग काढण्यात आणि प्रत्येक चौकटीला कॅमेऱ्याचे अंतर नेमके राखण्यात असते. माहितीपत्रकात याबद्दल फारसे काही छापलेले नसते, कारण ते विकत मिळत नाही.

अंधाराचाही विचार करावयास हवा. ज्या चित्राला लोकांनी रात्र समजून नाव दिले, त्याचा मोठा भाग गडद तपकिरी आणि काळ्या छटांचा आहे. सर्वसाधारण चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मांडलेल्या असतात. अंधाराच्या वाट्याला त्यांतल्या थोड्याच येतात, आणि जवळजवळच्या दोन काळ्या छटा एकाच पायरीवर येऊन बसतात. या कॅमेऱ्याची नोंद सोळा बिटांची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ६५,५३६ पायऱ्यांची असते. काळ्या पोशाखाच्या घडीत रेम्ब्रांटने दुसरा काळा कोठे मिसळला, हे अशा नोंदीत शोधता येते. संगणकावर तेवढाच भाग उजळवला तर त्याचा चिखल होत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिला प्रयत्न २०२० सालच्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला: २४ ओळी, प्रत्येक ओळीत २२, असे ५२८ तुकडे टिपून आणि जोडून तयार केलेले चित्र. त्यात शेजारच्या दोन बिंदूंमधले अंतर, मूळ चित्रावर मोजल्यास, २० मायक्रोमीटर होते. जगाने वाहवा केली; मंडळींचे समाधान झाले नाही. २०२२ च्या जानेवारीत दुसरे चित्र आले. या वेळी ९७ ओळी, प्रत्येकीत ८७ तुकडे, एकूण ८,४३९. प्रत्येक तुकड्यात मूळ चित्राचा साडेपाच सेंटिमीटर रुंद व ४.१ सेंटिमीटर उंच एवढाच भाग, म्हणजे आगपेटीच्या तोंडावळ्याचा. सेन्सर आणि टिपलेला भाग जवळजवळ एकाच मापाचे आहेत, हे चाणाक्षांच्या ध्यानात आले असेलच. म्हणजे भिंगाने वस्तू लहान न करता जवळपास आहे तेवढीच सेन्सरवर उतरविली. दोन बिंदूंमधले अंतर ५ मायक्रोमीटरांवर आले. मनुष्याच्या रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरांची असते, तिच्याहूनही हे कमी. उघड्या डोळ्याला हातभर अंतरावरून एक दशांश मिलिमीटरचा भेद ओळखता आला तरी पुष्कळ.

तुकडे टिपणे हे अर्धे काम. ते जोडताना दोन शेजारच्या तुकड्यांचे काठ एकमेकांवर चढवून असे जुळवावे लागतात की सांधा राहू नये. आणि ८,४३९ तुकड्यांत प्रत्येक ठिकाणी केसाच्या काही अंशांची चूक राहिली, तर ती साठत साठत शेवटच्या ओळीत कप्तानाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर जाईल. हे जोडकाम रॉबर्ट अर्डमन या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली झाले, आणि त्यासाठी उदाहरणांवरून शिकत जाणाऱ्या संगणकपद्धतीचा, म्हणजे न्यूरल नेटवर्कचा, उपयोग करण्यात आला. तयार झालेले चित्र आडवे ९ लक्ष २५ हजार आणि उभे ७ लक्ष ७५ हजार बिंदूंचे. गुणाकार ७१७ अब्ज. ते साठविण्यास ५.६ टेराबाइट जागा लागते. चांगल्या पुस्तकाच्या छपाईच्या दर्जाने ते कागदावर उतरवायचे म्हटले तर कागद ७८ मीटर रुंद घ्यावा लागेल.

संगणकाचा असा हात लागला की शंका येते: यंत्राने आपल्या पदरचे काही घातले तर नाही? ही शंका वावगी नाही. चंद्राकडे भ्रमणध्वनी रोखला असता त्याला ठाऊक असलेले चंद्राचे डाग तो चित्रात भरतो, अशी चर्चा २०२३ साली जगभर झाली. आणि हातातल्या यंत्राने चेहरे गुळगुळीत करून देणे तर आता नित्याचे झाले आहे. ज्या घराण्याचा कॅमेरा खरोखर चंद्रावर जाऊन आला त्याच्या वंशजापाशी अशी लबाडी नसावी, एवढी अपेक्षा रास्तच. राइक्सम्यूझियमने स्वतः हा भेद फार स्वच्छ ठेवला. २०२१ साली त्यांनी संगणकाकरवी ते कापलेले पट्टे पुन्हा निर्माण केले: मजकूर लुंडेन्सच्या नकलेतून आणि हात रेम्ब्रांटचा, असे शिकवून. ते छापून मूळ चित्राच्या चारी बाजूंना तात्पुरते लावण्यात आले आणि तीनशे वर्षांनंतर प्रेक्षकांना संपूर्ण रचना दिसली. परंतु ते अनुमान होते, आणि अनुमान म्हणूनच ते मांडले गेले. ७१७ अब्ज बिंदूंच्या चित्रात अनुमानाला जागा नाही. तेथे संगणकाने तुकडे जागच्या जागी बसविले. तुकड्यांत काय आहे ते कॅमेऱ्याने पाहिलेलेच राहिले.

ते काय आहे? कोणीही आपल्या घरी बसून संगणकावर हे चित्र उघडू शकतो. प्रथम सारी तुकडी दिसते. मग एका चेहऱ्याकडे, डोळ्याकडे, डोळ्यातल्या चकाकीकडे जात जावे. चकाकी म्हणजे कुंचल्याचा एक टिपका आहे, हे दिसते. आणखी जवळ गेले की त्या टिपक्यावरची भेगांची जाळी दिसते, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखी. त्याहूनही जवळ गेले की रंगद्रव्याचे कण वेगवेगळे होतात. कोठे कोठे पांढरे बारीक उंचवटे आढळतात. शिसेयुक्त रंग आणि तेलातील मेदाम्ले यांच्या संयोगातून साबणासारखे कण तयार होतात, ते वाढत वाढत रंगाचा थर फोडून वर येतात. ही जुन्या तैलचित्रांची व्याधीच आहे. ती आज किती ठिकाणी आहे, प्रत्येक उंचवटा किती मोठा आहे, याची नोंद आता कायम झाली. दहा वर्षांनी पुन्हा कॅमेरा लावून ताडून पाहता येईल. वैद्याने रोग्याचे पूर्वीचे कागद मागावेत, तसे.

अर्थात कॅमेऱ्याला दिसतो तो पृष्ठभाग. २०२१ च्या डिसेंबरात जाहीर झालेला सर्वांत मोठा शोध, म्हणजे रंगाखाली खडूयुक्त रंगाने रेम्ब्रांटने काढलेले मूळ रेखाटन, हा या कॅमेऱ्याचा नव्हे. क्ष-किरणांनी कोठे कोणते मूलद्रव्य आहे याचा नकाशा काढला, तेव्हा कॅल्शियमच्या नकाशात त्या रेषा उमटल्या. चाकूचे वार १९७५ साली या चित्रावर झाले, १९९० साली आम्ल फेकले गेले. त्या जखमांची दुरुस्ती आत कोठवर गेली आहे, हेही अशाच इतर साधनांनी पाहावे लागते. कॅमेरा हा त्या पथकातला एक साक्षीदार, इतकेच. परंतु बाकीच्यांच्या साक्षी कोठे बसवायच्या, हे त्याच्या नकाशावरून ठरते.

सामान्य ग्राहकाला यातून काही घ्यावयाचे असेल तर ते हिशेबाने घ्यावे. आज ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ८३ लक्षांच्या आसपास बिंदू असतात. त्यावर २४ मेगापिक्सेलचे चित्र पाहिले काय आणि १०० चे पाहिले काय, पडदा आपल्या मगदुराप्रमाणेच दाखविणार. शिवाय प्रत्येक अधिक बिंदूबरोबर भिंगाची, प्रकाशाची, तिकाटण्याची आणि साठवणीची मागणी वाढत जाते; हात किंचित हलला तर १०० मेगापिक्सेलचा कॅमेरा ती हालचालच अत्यंत बारकाईने टिपतो.

साठवणीचा प्रश्न मात्र साऱ्यांचाच आहे. गिलच्या प्रतिकृती एका इमारतीत होत्या आणि इमारतीबरोबर गेल्या. ५.६ टेराबाइटांच्या नकलेच्या आणखी हव्या तितक्या नकला काढता येतात, आणि शंभरावी नक्कल पहिलीहून रतिभर उणी नसते. हाताच्या नकलेला हे कधीच साधले नाही. पण ती वाचावयास यंत्र लागते. यंत्रे दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतात, तबकड्या निकामी होतात, म्हणून नोंद वेळोवेळी नव्या साधनावर उतरवीत राहावे लागते. दप्तराची राखण करणाऱ्याला हे नवे नाही. कसर आणि वाळवी यांनी पूर्वीही सुटी घेतलेली नव्हती.

२०२४ च्या नोव्हेंबरात ‘नाइट वॉच’वरील जुने वॉर्निश उतरविण्यास प्रारंभ झाला, आणि तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, त्याच काचेच्या खोलीत. २०२२ चे चित्र टिपले गेले ते या वॉर्निशच्या थरातून पाहून. त्याची पिवळसर झाक, त्यावर साचलेली धूळ, मागच्या पिढ्यांनी भरलेल्या जागा, हे सारे त्या ८,४३९ तुकड्यांत जसेच्या तसे आहे. जो थर आता चित्रावरून निघून जात आहे, त्याचे अस्सल यापुढे त्या नकलेतच पाहावे लागेल.